मुक्ताक्काच्या दारात सतरंजी

मंगळवार, ७ जानेवारी २०२५

ही डायरी मला बक्षीस मिळाली आहे, म्हणून पहिलं पान तरी लिहायलाच पाहिजे. आज मीटिंगमध्ये कर्ज देणाऱ्या कंपनीच्या सौरभ सरांनी सगळ्या बायकांसमोर दिली. 'उत्तम गटप्रमुख : सौ. शगुफ्ता अमीर मुलाणी, लासुर्णे.' टाळ्या वाजल्या. रोशनबी भाभींनी नाक मुरडत का होईना, वाजवल्या. प्रत्येक पानाखाली कंपनीने छापलंय, 'वेळेवर हप्ता, सुखाचा रस्ता'. ज्याने हे जुळवलं त्याला एकदा हप्ता भरायला बसवलं पाहिजे.

नौशीन म्हणाली, "अम्मी, लिही रोज. दहावीला मराठीत पहिली आलीवतीस म्हणून सारखी सांगतीस की." घरात आम्ही हिंदी-मराठीची खिचडी बोलतो, पण लिहायला मला मराठीच येतं. रोज काही मी लिहिणार नाही. रोज लिहिण्यासारखं घडतंय कुठं?

आमच्या गटात दहा बायका. एक मंगळवार सोडून एक मंगळवार, सकाळी दहाला, आमच्या ओट्यावर मीटिंग. माझ्या लग्नातली लाल-निळ्या पट्ट्यांची सतरंजी अंथरायची, प्रतिज्ञा म्हणायची, हजेरी घ्यायची आणि प्रत्येकीने हप्ता सरांच्या हातात द्यायचा. एकीचा जरी कमी पडला तरी कुणी उठायचं नाही. हाच नियम. कंपनी सोनं मागत नाही, सातबारा मागत नाही. तारण काय, तर आम्हीच एकमेकींना.

आणि माझं काय अडलंय ते लिहून ठेवते. सलग बारा मीटिंगा शंभर टक्के वसुली झाली की गटप्रमुखाला स्वतःच्या एकटीच्या नावावर एक लाखाचं कर्ज मिळतं. आज सातवी झाली. बारावी अठरा मार्चला. म्हणजे पाडव्याच्या आत पैसे हातात, आणि तिखटाच्या सीझनला माझ्या दारात मिरची कांडपाची मशीन. लासुर्ण्यात एकही कांडप नाही. बायका मिरच्यांच्या पिशव्या घेऊन भवानीनगरला जातात, शिंकत शिंकत दिवसभर रांगेत बसतात. पाडव्यापासून त्या माझ्याकडे शिंकतील.

मशीन माझी आणि हात मुक्ताक्काचा. मुक्ताक्का आमच्या शेजारी, वीस वर्षांची भिंतीला भिंत. तिच्यासारखा काळा मसाला पंचक्रोशीत कुणी भाजत नाही. कांदा किती काळा करायचा, दगडफूल कधी टाकायचं, विचारलं तर म्हणते, "हाताला कळतंय बाई, मला न्हाय कळत." गेली तीन वर्षं ती भाजते, मी विकते, कळंबपर्यंत गिऱ्हाईक आहे. पिशवीवर छापायला नावसुद्धा ठरलंय : मुक्ता-शगुफ्ता. तिचं आधी, कारण ती मोठी.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. दरवर्षी मुक्ताक्काचा तिळगूळ सात वाजता दारात असतो. आज दहापर्यंत आला नाही म्हणून मी गेले, तर सून सुप्रिया एकटीच चुलीपुढं बसलेली. काल संध्याकाळी जोतीरामतात्या, म्हणजे मुक्ताक्काचा नवरा, कारखान्याच्या वाटेवर उसाच्या ट्रॉलीवरून पडला. वरच्या मोळ्यांचा दोर आवळत होता. मांडीचं हाड मोडलं. बारामतीला नेलंय, रॉड घालणार म्हणे.

मुलगा नाशिककडे कंपनीत कामाला आहे, त्याचा फोन लागत नाही. वाईट वाटलं. सुप्रियाला भाकरी-भाजी पाठवली.

पुढच्या मंगळवारी मीटिंग आहे. आठवी.

मंगळवार, २१ जानेवारी

मुक्ताक्का दवाखान्यातच. हप्ता आला नाही. नऊ बायका सतरंजीवर, कुणी उठायचं नाही. साडेअकरा झाले, कुणाचं मूल शाळेतून यायचं, कुणाची म्हैस सोडायची. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. गटप्रमुख ना मी.

मशीनसाठी बाजूला ठेवलेल्यातले काढून मी भरले. सौरभ सर म्हणाले, "ताई, तुमच्यासारखी एक बाई प्रत्येक गावात पाहिजे." सर सोलापूरकडचे, चोवीस-पंचवीसचे असतील, पण बोलणं गोड. आठ झाल्या.

मुक्ताक्कावर हे माझे उधार. ती बुडवणारी नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज जे केलं ते बरोबरच केलं, तरी लिहून काढते.

मुक्ताक्का चार दिवसांपूर्वी घरी आली. तात्याला खाटेवर आणून टाकलंय. मी रविवारीच जाऊन सांगून आले होते, आक्का, मंगळवारी चुकवू नको. ती हो म्हणाली. आज दहा वाजले, सव्वादहा वाजले, भिंतीला भिंत असून बाई आली नाही. नौशीनला पाठवलं तर म्हणे दार लोटलेलं आहे, आतून कुणी बोलत नाही.

रोशनबी भाभी म्हणाल्या, "मागच्या टायमाला तुमी भरला, आता आमी भरायचा व्हय?" त्यांचं बांगड्यांचं दुकान, त्यांना वेळ नसतो. सर घड्याळ बघायला लागले. तेव्हा मला सुचलं. मी म्हटलं, "सतरंजी उचला. मीटिंग आक्काच्या दारात घेऊ."

सगळ्यांना बजावलं, "कुणी शिवी द्यायची न्हाय, तात्याचं नाव काढायचं न्हाय, वाईट एक शब्द बोलायचा न्हाय. नुसतं बसायचं." कुठल्या तरी गावात वसुलीला बायका भांडीकुंडी बाहेर काढतात असं ऐकलं होतं, तसलं मला नको होतं. आम्ही सतरंजी तिच्या उंबऱ्यापुढं अंथरली, प्रतिज्ञा म्हटली, हजेरी घेतली. 'आम्ही एकमेकींच्या पाठीशी उभ्या राहू. एकीचा हप्ता तो सगळ्यांचा हप्ता. एकीची अडचण ती सगळ्यांची अडचण.' मी नेहमीसारखं खड्या आवाजात सांगितलं, बायका मागून म्हणाल्या. मुक्ताक्काचं नाव घेतलं तेव्हा आतून बारीक आवाज आला, "हजर."

मग ती बाहेर आली.  गल्लीतली पोरं जमली, वरच्या आळीचे मानसिंगराव जाता जाता थांबून बघून गेले. दीड तास आम्ही बसलो. आतून तात्याचं कण्हणं ऐकू येत होतं, पण नंतर तेही थांबलं. त्याला झोप लागली असावी.

मध्येच मुक्ताक्काने चहा ठेवला. दहा माणसांचा. साखर आमच्याच घरून मागून नेली, नौशीनने दिली. बघा, राग नाही तिच्या मनात. चहा पिऊन होईस्तोवर सुप्रिया मागच्या दाराने जाऊन आली आणि तिने पैसे सतरंजीवर ठेवले. तिच्या पायात पैंजण नव्हते. सकाळी होते की नव्हते, माझं लक्ष नव्हतं.

नऊ झाल्या. सर म्हणाले, "ताई, ही आयडिया मी वरच्या मीटिंगमध्ये सांगणार."

अमीर दुपारी जेवायला आले. भवानीनगरला विजेच्या जळक्या मोटारी भरण्याच्या दुकानात ते रोजावर आहेत, बोलण्यापेक्षा तांब्याची तार गुंडाळणं त्यांना बरं वाटतं. जेवताना एवढंच म्हणाले, "दुसऱ्याच्या दारात बसायला जात जाऊ नको." मी म्हटलं, दुसऱ्याच्या कसल्या, आक्काच्याच तर दारात. ते हात धुवायला उठले.

नौशीन आज माझ्याशी बोलली नाही. बारावीची परीक्षा जवळ आलीय, टेन्शन असेल.

बुधवार, १२ फेब्रुवारी

मुक्ताक्काचा प्रश्न मी सोडवला. मार्ग सौरभ सरांनीच काढून दिला. बारामतीत दुसरी एक कंपनी आहे, तिथं त्यांचा मित्र बसतो. तीस हजार लगेच देतात, हप्ता आठवड्याचा. सर म्हणाले, "इकडचं तिकडून भागवायचं, तोपर्यंत जोतीराम काका उभे राहतात. सगळेच करतात, ताई."

आम्ही दोघी एसटीने गेलो. मुक्ताक्काने चांगलं लुगडं नेसलं होतं, कपाळाला मोठं कुंकू. वाटेत एकदाच बोलली, "शगुफ्ता, ह्ये फिटायचं कवा गं?" मी म्हटलं, "आक्का, मशीन आली की दोन म्हैन्यात. निस्ती मिरची कांडूनच फिटंल. तू फक्त भाजायचं काम बघ." ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. उसाची तोड चालू होती, निम्मी रानं मोकळी झालेली.

तिथं गट नसल्यामुळे जामीनदार लागत होता. मी जामीन राहिले. तिसऱ्या पानावर सही, आधारची झेरॉक्स, फोटो. तिथल्या बाईने विचारलं, "नातं काय?" मी म्हटलं, "बहीण लिहा." तिने दोघींची आडनावं बघितली आणि 'शेजारी' लिहिलं.

पैशांतून आधी माझा एकवीस तारखेचा हप्ता तिने परत केला. मी नको म्हणत होते, पण तिने ऐकलं नाही. उरलेल्यातले निम्म्याहून जास्त दवाखान्याच्या औषधवाल्याला जायचेत. मी तिला स्टँडवर उसाचा रस पाजला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

दहावी. मुक्ताक्का पावणेदहालाच येऊन बसली, पैसे मुठीत.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

बारामतीच्या दुकानदाराला मशीनचा विसार देऊन आले. पंधरा हजार. परत मिळणार नाही असं पावतीवर लिहिलंय, पण परत मागायचे कशाला? मशीन उभी करून दाखवली त्याने. पोलादी उखळ, वर दोन मुसळं, पट्टा फिरला की धाडधाड. मी हात लावून बघितला, तेल लागलं बोटांना. ते तेल घरी येईपर्यंत पुसलं नाही, हे फक्त इथं लिहिते.

मोटार दुकानदार वेगळी विकतो, त्याचे पैसे अमीरने वाचवले. दोन हॉर्सपॉवरची जळकी मोटार भंगारातून आणून त्यांनी आठ रविवार बसून स्वतः भरली. आज चालू करून दाखवली. आवाज इतका बारीक की नौशीन म्हणाली, "अब्बू, ही चालू हाय का बंद?" अमीर हसले. गेल्या कित्येक दिवसांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. मोटार गोणपाटात गुंडाळून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलीय.

मंगळवार, ४ मार्च

अकरावी. रमजान चालू झालाय, तिसरा रोजा. तोंड कोरडं पडतं पण प्रतिज्ञा मीच सांगितली.

मुक्ताक्का सगळ्यांच्या आधी. हल्ली ती पहाटे टेम्पोने डाळिंबाच्या पॅकिंगला जाते, मीटिंगच्या दिवशी खाडा करून येते. निम्मी झालीय. मी म्हटलं, "आक्का, मसाला कवा घालायचा? कळंबच्या बायका फोन करत्यात." म्हणाली, "घालू की." मग थांबून म्हणाली, "मशीन आल्यावर." सुप्रियाही तिच्याबरोबर जाते. तात्या दिवसभर एकटाच खाटेवर. मी मधूनमधून डोकावते, पण मला बघितलं की तो भिंतीकडे तोंड करतो. आजारपणात माणूस चिडका होतो.

मंगळवार, १८ मार्च

बारावी झाली!

सर्व दहा हजर, सर्व दहा हप्ते जमा. सरांनी सगळ्यांचा सतरंजीवर फोटो काढला, मला मध्ये बसवलं. सरांना बढती मिळाली, एक तारखेपासून ते बारामतीच्या मोठ्या ऑफिसात. म्हणाले, "ताई, तुमच्यामुळं." बायकांना पेढे दिले, माझा रोजा होता म्हणून ठेवलेला माझा पेढा संध्याकाळी नौशीनने खाल्ला. मुक्ताक्काने तिचा पदरात बांधून घेतला, तात्यासाठी.

फाईल आज गेली. पुढच्या आठवड्यात बोलावतील.

बुधवार, २६ मार्च

झालं.

सकाळच्या एसटीने बारामतीला आमच्या कंपनीच्या ऑफिसात गेले. नवीन ड्रेस घातला होता, लाज वाटते आता लिहायला. कॉम्प्युटरवाल्या पोराने आधार नंबर घातला, बघितलं, परत घातला. मग म्हणाला, "मॅडम, तुमचं सिबिल खराब आहे. होणार नाही."

मी म्हटलं, "माझा एक हप्ता चुकलेला नाही. बारा मीटिंगा शंभर टक्के. डायरी मिळालीय मला." खरंच असं म्हणाले. डायरी मिळालीय मला.

त्याने स्क्रीन फिरवून दाखवली. दुसऱ्या कंपनीचं तीस हजारांचं कर्ज, जामीनदार मी. सहा हप्त्यांच्या तारखा झाल्या, त्यातला पहिलाच एक भरलाय. पाच थकले. "जामीनदाराच्या नावावर पण येतं ते. तुम्हाला सांगितलं नव्हतं का?"

सौरभ सर नवीन जागेचं काम समजून घ्यायला आलेले, तिथंच आतल्या काचेच्या खोलीत होते. बाहेर आले, मला बाजूला घेतलं. म्हणाले, "ताई, पण तुम्ही सही कशाला केली?"  ज्यांनी मला त्या दारापर्यंत पाठवलं तेच विचारतात. पण खरं तर विचारायला जागा आहे, सही मीच केली, पेन माझ्याच हातात होतं.

"ते सगळं भरून टाका, मग सहा महिन्यांनी बघू," म्हणाले. सहा महिन्यांनी म्हणजे सप्टेंबर. सप्टेंबरात मिरची कोण कांडतं?

आल्या आल्या मुक्ताक्काकडे गेले. चप्पलसुद्धा काढली नाही. ती नुकतीच कामावरून येऊन पाय धूत होती. मी नको नको ते बोलले. माझं वाटोळं केलंस म्हटलं. रोज्यात मी असं बोलले. ती ऐकत राहिली, पायावर पाणी ओतत राहिली. मग म्हणाली,

"दोनी भागंनात गं. येकच भागत हुतं. मग कुणाचं भरायचं? बारामतीवालं फोनवर बोलत्यात, मी फोन बंद केला. तुमी दारात येता. ह्यास्नी आत सगळं ऐकू येतंय. त्या दिवसापास्नं ह्येनी माझ्या हातचं पोटभर खाल्लं न्हाय. म्हनून तुमचं पैलं भरलं."

 तिने माझ्या भीतीने माझ्या गटाचा हप्ता भरला आणि माझीच सही बुडाली.

सुप्रिया दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "काकू, तुमच्याच बारा मीटिंगा पुऱ्या केल्या आमी."

रोजा सोडायची वेळ झाली तेव्हा अमीरने खजूर माझ्या हातात ठेवला.  

सोमवार, ३१ मार्च

ईद. काल पाडवा होता, मुक्ताक्काच्या दारात गुढी नव्हती. दरवर्षी आमचा शीरखुर्मा पहिला तिच्या घरी जातो आणि ती ओट्यावर बसून तिथंच वाटी संपवते, आणखी मागते. आज मी स्वतः घेऊन गेले नाही, तोंड नव्हतं. नौशीनच्या हाती पाठवला. थोड्या वेळाने सुप्रिया वाटी घासून परत घेऊन आली, बरोबर एक डबा. किलोभर काळा मसाला, ताजा, अजून कोमट होता. म्हणजे आज पहाटेच भाजून घरच्या उखळात कांडला असणार. किलोभर मसाला हाताने कांडायचा म्हणजे खांदे निघतात.

डब्यात चिठ्ठी होती, सुप्रियाच्या अक्षरात. मिरची अमुक, धने अमुक, खोबरं, तीळ, दगडफूल, कशानंतर काय भाजायचं, सगळं माप. वीस वर्षांत जे हाताला कळत होतं ते कागदावर आलं.

बरं वाटलं मला. राग गेला म्हणायचा. उद्या मीटिंगला आली की मी आधी बोलेन. माफी मागेन, त्यात काय. दोघी मिळून काहीतरी काढू मार्ग, हातानेच कांडू यंदा.

मंगळवार, १ एप्रिल

दाराला कुलूप आहे.

पहाटे चारला छोटा टेम्पो आला होता म्हणे. खाट, भांडी, तात्या, सगळं त्यात बसलं. एवढ्या जवळ राहून आम्हाला ऐकू आलं नाही. नौशीनला आलं होतं. ती म्हणाली, "मी खिडकीतनं बघितलं. मुक्ताआजींनी मला बघितलं. मी तुला उठवलं न्हाय." मी हात उगारला आणि खाली घेतला.

नवीन साहेब आले, राजवर्धन सर. हे ताई म्हणत नाहीत, 'प्रमुख' म्हणतात. मुक्ताक्काचा हप्ता नौशीनच्या ईदीतून आणि अमीरच्या मजुरीतून भरला. पंधरा तारखेपर्यंत तिला शोधून आणते असं गटाला कबूल केलं.

बुधवार, ९ एप्रिल

कुठं शोधायचं? सुप्रियाच्या माहेरी कळंबला जाऊन आले. तिच्या आईने पाणी दिलं आणि दार पुढं केलं. कुणी म्हणतं नाशिकला मुलाकडे, कुणी म्हणतं कर्नाटकात वीटभट्टीवर. मोडक्या मांडीचा माणूस घेऊन वीटभट्टीवर?

दुपारी बारामतीच्या कंपनीचे दोघं मोटारसायकलवरून आले. कर्जदार सापडत नाही तर जामीनदार. आवाज चढवला नाही त्यांनी. आठवड्याला येऊ म्हणाले.

मशीनच्या दुकानदाराला फोन केला. विसार परत नाही. सीझनला दुसरं गिऱ्हाईक होतं, मशीन गेलीसुद्धा. इंदापूरकडे कुणीतरी नेली.

तिच्या मापाने पाव किलो मसाला भाजून बघितला. कांदा जास्त काळा झाला. कडू लागतोय.

मंगळवार, १५ एप्रिल

दहाला बायका आल्या. सतरंजी मीच अंथरली. प्रतिज्ञा मीच सांगितली. 'एकीची अडचण ती सगळ्यांची अडचण' म्हणताना मी थांबले नाही, कारण थांबले असते तर पुढचं म्हणता आलं नसतं. हजेरी घेतली. मुक्ताक्काचं नाव घ्यायचं की नाही कळेना. घेतलं. वहीत तिच्या नावापुढं फुली मारली.

नऊ हप्ते जमा झाले. माझाही त्यात, तो कसाबसा भरला. दहावा नाही.

राजवर्धन सर म्हणाले, "मग बसा." आणि ते मोबाईल बघत बसले.

रोशनबी भाभी म्हणाल्या, "शगुफ्ता, बाई तुमी आणली, जामीन बी तुमी. तुमीच भरायचा. आज पण आनि म्होरं बी." त्या रागाने बोलल्या नाहीत. त्यांचंही दुकान उघडायचं होतं.

अकरा वाजले. गल्लीतली पोरं जमली. मानसिंगराव जाता जाता थांबले. मी सतरंजीच्या कडेला बसले होते, माझ्याच सतरंजीवर, माझ्याच दारात, आणि तरीही कुठं बघावं कळत नव्हतं. मुक्ताक्का त्या दिवशी कुठं बघत होती ते मला आठवेना. मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं, मी सरांकडे बघत होते.

मी आत जाऊन चहा ठेवला. दुसरं काय करायचं असतं अशा वेळी, तेच सुचतं. साखरेचा डबा उघडला तर तळाला चमचाभर. नौशीन म्हणाली, "कुणाकडनं आणू?" आम्ही दोघींनी एकदमच मधल्या भिंतीकडे बघितलं. मग मी गूळ टाकला. चहा फाटला. तसाच गाळून दिला, बायकांनी तसाच प्यायला.

बारा वाजता अमीर आले. नौशीनने फोन केला असावा. सायकल भिंतीला लावली, कुणाकडे न बघता ओट्यावर आले आणि कोपऱ्यातलं गोणपाट सोडलं. मी म्हटलं, "ती नका." त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं. मोटार दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरली. सतरंजीवरून वाट नव्हती, तेव्हा बायकांनी पाय आखडून वाट दिली. सायकलच्या कॅरिअरला रबरी ट्यूबने बांधून ते भवानीनगरला गेले, ज्या दुकानात ते काम करतात तिथंच विकायला. आठ रविवारांची मोटार.

दीड वाजता पैसे आले. आजचा हप्ता झाला. मुक्ताक्काचे अजून एकतीस हप्ते राहिलेत, आणि बारामतीचे वेगळे. पुढच्या खेपेला घरात विकायला काय आहे ते मी मनात बघून ठेवलं, फार वेळ लागला नाही.

बायका उठल्या. रोशनबी भाभींनी सतरंजी झटकली, घडी घालून माझ्या हातात दिली. साडेतीन तास बसल्या होत्या, पण कुणी शिवी दिली नाही, अमीरचं नाव काढलं नाही, वाईट एक शब्द बोलल्या नाहीत. मीच शिकवलं होतं तसं.